पंपाचा स्क्रू पाव फेरी फिरवला की जुनी डिझेल गाडी पळायला लागते, पण त्याची किंमत कोण मोजतं?

काशिमीऱ्याच्या सिग्नलला थोडा वेळ उभं राहिलात तर हा सीन कधी ना कधी दिसतोच. सिग्नल हिरवा होतो, वीस वर्षांची एखादी सुमो, जीप नाहीतर इंडिका झोकात निघते आणि मागच्या बाईकवाल्याच्या तोंडावर काळ्या धुराचा लोट सोडून जाते.

बाईकवाला शिव्या घालतो. गाडीचा मालक मात्र खूश असतो, कारण गेल्याच आठवड्यात त्याने "पंपाचं डिझेल वाढवून" घेतलेलं असतं. घोडबंदरच्या चढाला आधी दुसऱ्या गिअरवर रडणारी गाडी आता तिसऱ्यावर चढते. खर्च किती, तर किरकोळ. वेळ किती, तर चहा संपेपर्यंत.

आता प्रश्न पडतो की असं नेमकं काय केलं जातं? एका स्क्रूने गाडीची ताकद वाढत असेल, तर कंपनीनेच तो फिरवून का दिला नाही? आणि हे असं करणं कायद्यात बसतं का?

सगळं नीट समजून घेऊया.

सुरुवात पंपापासून.

पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते. इंजिन हवा इतकी दाबतं की ती प्रचंड तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. म्हणजे डिझेल इंजिनात सगळा खेळ दोनच गोष्टींचा. फवारा कधी मारायचा आणि किती मारायचा.

आजच्या गाड्यांमध्ये हे काम कॉम्प्युटर करतो. जुन्या गाड्यांमध्ये ना कॉम्प्युटर होता, ना सेन्सर. तिथं हे सगळं एक लोखंडी डबा करायचा, ज्याला आपल्याकडे नुसतं "पंप" म्हणतात. स्प्रिंगा, वजनं, लिव्हर आणि एक प्लंजर. बस्स.

जर्मनीच्या रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ मध्ये या पंपावर काम सुरू केलं आणि १९२७ पासून त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार आली. त्याआधी डिझेल इंजिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जहाजं, कारखाने आणि ट्रक यायचे.

पेट्रोल गाड्यांतही असं मेकॅनिकल इंजेक्शन होतं. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल आणि १९७३ पासून आलेली बॉशची के-जेट्रॉनिक सिस्टीम ही त्याची गाजलेली उदाहरणं. पण आपल्याकडच्या पेट्रोल गाड्या कार्बोरेटरवरच चालायच्या आणि तिथून थेट इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे आपल्या रस्त्यांवर मेकॅनिकल इंजेक्शन म्हणजे डिझेल, असंच समीकरण राहिलं.

आणि या पंपाचं महाराष्ट्राशी जवळचं नातं आहे.

१९५१ मध्ये बॉशने भारतात मोटर इंडस्ट्रीज कंपनी सुरू केली. हीच ती "मायको". मुख्यालय बंगळूरला, पण दुसरा मोठा कारखाना आला आपल्या नाशिकला, सातपूर एमआयडीसीत. डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवण्यासाठी हा कारखाना ओळखला जातो. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, पण नाशिककर त्र्यंबक रोडवरच्या चौकाला आजही मायको सर्कलच म्हणतात. आणि गॅरेजवाला आजही विचारतो, "पंप मायकोचाच आहे ना?"

गाड्यांचंही तसंच. महिंद्राने प्यूजोचं डिझेल इंजिन इगतपुरीत बनवलं आणि जीपमध्ये बसवलं. १९९८ च्या डिसेंबरमध्ये टाटांनी पुण्यात बनवलेली इंडिका बाजारात आणली. तिच्यात १,४०५ सीसीचं डिझेल इंजिन होतं, ताकद साधारण ५३ हॉर्सपॉवर. पुढं टॅक्सी म्हणून, कंपनीच्या पिकअप-ड्रॉपसाठी आणि घरची पहिली कार म्हणून या इंडिकाने लाखो किलोमीटर रस्ते झिजवले.

मीरा-भाईंदरमध्ये हे पंप फक्त गाड्यांत नाहीत. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचा माल वाहणारे जुने टेम्पो आहेत. उत्तन-चौकच्या कोळी बांधवांच्या बोटी आहेत. खाऱ्या हवेत, भर समुद्रात, जिथं इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडली तर दुरुस्तीला कुणी मिळणार नाही, तिथं साधा लोखंडी पंप भरवशाचा वाटतो.

आता या पंपाच्या आत डोकावू.

ट्रक आणि ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा इनलाइन पंप असतो. म्हणजे जितके सिलिंडर, तितके प्लंजर, एका रांगेत उभे. छोट्या कारमध्ये रोटरी पंप असतो. त्यात एकच प्लंजर गोल फिरतो, पुढे-मागे होतो आणि पाळीपाळीने चारही सिलिंडरना डिझेल पाठवतो.

हे काम किती बारीक आहे याचा अंदाज घ्या. इंडिकासारख्या इंजिनाला फुल लोडवर एका वेळी साधारण २० ते ३० घन मिलिमीटर डिझेल लागतं. पाण्याचा एक थेंब साधारण ५० घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका फवाऱ्यात अर्धा थेंब. आणि इंजिन ४,००० आरपीएमवर असेल तर पंपाला असे ८,००० फवारे दर मिनिटाला मारावे लागतात. सेकंदाला १३० च्या वर. प्रत्येक वेळी मोजून, प्रत्येक वेळी ठरलेल्या क्षणी.

यासाठी प्लंजर आणि त्याच्या नळीतली फट दोन-तीन मायक्रॉन ठेवलेली असते. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता कळेल की डिझेलमधला कचरा आणि पाणी पंपाची वाट का लावतात.

या पंपात गव्हर्नर नावाचा एक भाग असतो. गोल फिरणारी वजनं इंजिनाचा वेग वाढला की बाहेर फाकतात, लिव्हर ढकलतात आणि डिझेल कमी करतात. इंजिन हाताबाहेर जाऊ नये म्हणून ही सोय. दुसरा भाग टायमिंगचा. वेग वाढला की पंपाच्या आतला दाब वाढतो आणि फवारा थोडा आधी मारला जातो, कारण जळायला वेळ कमी उरतो. टर्बोच्या गाडीत याच्या जोडीला एक डायफ्राम असतो. टर्बोने हवा जास्त दिली तरच तो डिझेल जास्त सोडतो.

आणि शेवटी तो स्क्रू. फुल लोड स्क्रू.

पूर्ण रेस दिल्यावर पंपाने जास्तीत जास्त किती डिझेल द्यायचं, हे या स्क्रूने ठरतं. कंपनी तो टेस्ट बेंचवर सेट करते आणि सील करते. गॅरेजमध्ये "डिझेल वाढवणं" म्हणजे हे सील तोडून स्क्रू आत फिरवणं.

मग ताकद वाढते ती खोटी असते का?

नाही, खरीच वाढते. पण एका मर्यादेपर्यंत.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला कागदावर साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा एकजीव व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून कंपनी मुद्दाम हवा जास्त ठेवते. बिनटर्बोच्या इंजिनात हे प्रमाण अठरा-वीसच्या खाली आलं की न जळलेल्या डिझेलची काजळी व्हायला लागते. तोच काळा धूर.

स्क्रू फिरवल्यावर डिझेल वाढतं, हवा मात्र तेवढीच राहते. १,४०५ सीसीच्या इंजिनात १,४०५ सीसीपेक्षा जास्त हवा येणार कुठून? म्हणजे पहिल्या थोड्याशा फिरवण्यात हातात काहीतरी लागतं, त्यानंतरचं सगळं डिझेल सायलेन्सरमधून काळं होऊन बाहेर पडतं. पैसे मालकाचे, धूर मागच्याच्या नाकात.

बरं, गोष्ट धुरावर थांबत नाही.

डिझेल इंजिनात जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. पिस्टनचं डोकं, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट हे सगळं त्या उष्णतेत भाजून निघतं. लांबच्या चढाला, एसी लावून, पाच माणसं बसवून गाडी पळवली की पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल लवकर खराब होतं. क्लच आणि गिअरबॉक्स जुन्याच ताकदीच्या हिशोबाने बनवलेले असतात, ते वेगळंच.

गव्हर्नरच्या स्प्रिंगशी खेळणं तर त्याहून धोक्याचं. गव्हर्नर चुकीचा जोडला गेला तर इंजिन आपोआप रेस होत जातं आणि चावी बंद करूनही थांबेल याची खात्री नसते. अशा वेळी एकच उपाय उरतो, हवेचं तोंड बंद करणं. तेही हाताने नाही, फळी किंवा जाड वस्तू लावून. पण तिथं पोहोचेपर्यंत बरेचदा इंजिनाचे तुकडे झालेले असतात.

जाणकार लोक मग काय करतात?

ते आधी हवा वाढवतात, मग डिझेल. जुन्या जीपला टर्बो लावणाऱ्या ऑफ-रोडिंगच्या मंडळींचं सूत्र हेच असतं. टर्बो, शक्य असेल तर हवा थंड करणारा इंटरकूलर, एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर आणि त्यानंतर बेंचवर पंपाची नव्याने सेटिंग. हवा मुबलक असेल तर तेवढंच डिझेल स्वच्छ जळतं आणि धूर कमी होतो.

पण इथंही एक पाचर आहे. बिनटर्बोचं इंजिन टर्बोच्या दाबासाठी बनलेलं नसतं. पिस्टन थंड ठेवायला खालून ऑइलचे फवारे नसतात, कॉम्प्रेशन जास्त असतं. त्यामुळे शहाणी माणसं दाब कमीच ठेवतात. आणि हा सगळा खर्च बऱ्याचदा त्या जुन्या गाडीच्या किमतीच्या वर जातो.

मग कुणी म्हणेल, त्यापेक्षा कॉमन रेलच बसवूया की!

कॉमन रेल म्हणजे आजची सिस्टीम. जुन्या इंडिकासारख्या इंजिनात नोझल साधारण १२० ते १५० बार दाबाला उघडतं. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर असतो आणि प्रत्येक फवारा कॉम्प्युटर ठरवतो. टाटांनी २००८ च्या इंडिका व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट इंजिन दिलं ते याच जातीचं. पण त्यासाठी त्यांनी आख्खं इंजिनच वेगळं घेतलं. जुन्या इंजिनाला नुसता नवा पंप जोडून ते होत नाही. हेड, इंजेक्टर, सेन्सर, वायरिंग, कॉम्प्युटर, सगळंच बदलावं लागतं. घरगुती गाडीसाठी हा हिशोब बसत नाही.

आता कायद्याकडे येऊ. इथं अनेकांचा गोंधळ होतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर असलेली आणि कंपनीने मूळ ठरवलेली गाडीची माहिती यात तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हाच मुद्दा अधोरेखित केला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

इंजिन बदललं तर ते आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. २०२५ मध्ये मीरा-भाईंदरला एमएच ५८ हा स्वतःचा कोड मंजूर झाला. त्याआधी इथल्या गाड्या ठाण्याच्या एमएच ०४ खाली यायच्या.

मग नुसता पंपाचा स्क्रू फिरवला तर? आरसीवर स्क्रूचा उल्लेख नसतो, हे खरं. पण तिथं पीयूसी आडवी येते.

बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी पीयूसी काढावी लागते. डिझेल गाडीला न्यूट्रलमध्ये झटक्यात पूर्ण रेस देतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजतात. जुन्या गाड्यांसाठी मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, बीएस-४ साठी ५०. आता गंमत बघा. झटक्यात पूर्ण रेस दिली की पंप जास्तीत जास्त डिझेल सोडायला धावतो, म्हणजे तो स्क्रू जे ठरवतो नेमकं तेच या टेस्टमध्ये उघडं पडतं. प्रदूषणाचे नियम मोडून गाडी चालवली तर कलम १९० नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की आरसी पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि त्यासाठी आरटीओची तपासणी होते. एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. म्हणजे जुनी गाडी ठेवायची तर ती नीट ठेवण्यातच शहाणपण आहे.

विम्याचंही ध्यानात ठेवा. कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर क्लेम अडकवू शकतो.

आणि मुंबईत हा धूर कोर्टातही जाऊन आलाय.

१९९९ मध्ये स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. गाड्यांच्या धुरावर उपाय सुचवण्यासाठी व्ही. एम. लाल समिती नेमली गेली. त्यानंतरच्या आदेशांमुळे मुंबईच्या जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला.

आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात विचारणा केली की पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का. राज्य सरकारने निवृत्त आयएएस अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. तिचा विषय होता मुंबई महानगर प्रदेश. मीरा-भाईंदर त्यातच येतं.

म्हणजे काळा धूर सोडणारी प्रत्येक गाडी जुन्या गाड्यांवर बंदी हवी म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत देते. ज्यांनी आपली गाडी जिवापाड जपली, तेही त्यात भरडले जातात.

मग गाडीला पिकअप नसेल तर करायचं काय?

पहिली गोष्ट, पंपाला सगळ्यात शेवटी हात लावायचा. वीस वर्षांच्या गाडीची ताकद कमी झाली असेल तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडे असतो आणि तो स्वस्तात निघतो.

आधी एअर फिल्टर बघा. काशिमीरा ते वरसावे पट्ट्यात हायवेची धूळ खाऊन तो भरलेला असतो आणि हवाच कमी गेली की धूर काळा होतो. मग डिझेल फिल्टर, आणि त्याच्या तळाशी साचलेलं पाणी. डिझेलच्या पाईपमधून हवा ओढली जातेय का. टॅपेटची सेटिंग. इंजिनाचं कॉम्प्रेशन. त्यानंतर नोझल.

नोझल हातपंपाच्या टेस्टरवर लावून बघतात. ठरलेल्या दाबाला उघडतोय का, फवारा धुक्यासारखा येतोय का पिचकारीसारखा, आणि बंद झाल्यावर टिपकतोय का. टिपकणारं नोझल एकट्याने गाडी काळी करू शकतं. एक सावधगिरी मात्र पाळा. त्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. तसं झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

धुराचा रंगही बरंच सांगून जातो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर, बऱ्याचदा टायमिंग मागे किंवा इंजिन थंड. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तिथं पंपाचा काही संबंध नाही.

हे सगळं करूनही फरक पडला नाही, तर पंप उतरवून टेस्ट बेंचवर न्यायचा. तिथं मोटर पंपाला ठरलेल्या वेगाने फिरवते, प्रत्येक लाईनमधून येणारं डिझेल काचेच्या नळ्यांत पडतं आणि मिस्त्री ते त्या पंपाच्या नंबरच्या चार्टशी ताडून बघतो. चारही नळ्यांत पातळी सारखी आली पाहिजे. याला कॅलिब्रेशन म्हणतात. झिजलेल्या पंपाचं डिझेल कमी झालं असेल तर ते चार्टपर्यंत परत आणणं ही दुरुस्ती झाली. चार्टच्या पुढे नेणं हा बदल झाला. फरक एवढाच आहे, पण तोच महत्त्वाचा आहे.

काम करताना सीलही बदलून घ्यायचे. जुने पंप जास्त गंधकाच्या डिझेलच्या काळात बनले. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, ज्यात गंधक प्रति दशलक्ष १० भाग इतकंच असतं. डिझेलचा पोत बदलला की जुने रबरी सील आकसतात आणि पंप गळायला लागतो. नव्या विटॉनच्या सीलने हा त्रास कमी होतो.

आणि डिझेल भरवशाच्या पंपावरूनच भरा. छोट्या कारच्या रोटरी पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. त्यात केरोसीनची भेसळ असेल तर प्लंजर कोरडा घासतो. या भेसळीच्या धंद्यात किती पैसा फिरतो हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ ला पाहिलं आहे. त्या दिवशी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ भेसळीवर कारवाई करायला गेले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं.

तर सांगायचा मुद्दा हा की, कंपनीने तो स्क्रू जास्त फिरवला नाही, कारण इंजिनाचं आयुष्य, ॲव्हरेज आणि धूर या तिन्हींचा मेळ तिथंच बसत होता. वीस वर्षांनी गाडी थकली असेल तर तिचा तो मेळ परत बसवून द्या. ती पहिल्यासारखी चढ चढेल. आणि पीयूसीच्या रांगेत उभं राहताना मालकाच्या छातीत धडधड होणार नाही.